‘नावत’ म्हणजे तुझे नाव: सोरानी कुर्दीची ओळख

इराणच्या पश्चिम भागातील सक्कझ या शहरात 17 सप्टेंबर 2022 रोजी झीना अमिनी या 22 वर्षांच्या तरुणीचे दफन झाले. आदल्या दिवशी तेहरानच्या एका रुग्णालयात तिचा मृत्यू झाला होता. तेथील नैतिकता पोलिसांनी तिला ताब्यात घेतले होते आणि त्या ताब्यात असतानाच ती कोसळली होती. जगभरच्या बातम्यांत तिचे नाव ‘महसा’ असे आले, कारण सरकारी कागदांवर ते तसे होते. घरची माणसे तिला झीना म्हणत. तिच्या कबरीवर जी दोन छोटी वाक्ये लिहिली गेली, ती इराणच्या राजभाषेत, म्हणजे फारसीत, नव्हती. ती तिच्या घरच्या भाषेत होती. पहिले वाक्य होते ‘झीना ग्यान, तो नामिरी’. दुसऱ्या वाक्याचा पहिला शब्द होता ‘नावत’.

मराठी वाचकाने ही वाक्ये जरा सावकाश वाचावीत. ‘तो’ म्हणजे तू. ‘नामिरी’ या क्रियापदातला ‘ना’ आपल्या ‘न’चा आणि ‘मिर’ आपल्या ‘मर’ या धातूचा सख्खा नातलग आहे; शेवटचा ‘ई’ हा ‘तू’ या कर्त्याचा प्रत्यय. ‘ग्यान’ म्हणजे जीव, प्राण. जिवलगाला हाक मारताना कुर्द माणूस तो नावापुढे जोडतो. आणि ‘नाव’ म्हणजे चक्क नावच, त्याला चिकटलेला ‘त’ म्हणजे तुझे. ‘झीना, जिवलगे, तू मरत नाहीस. तुझे नाव खूण होईल’, असा त्या दोन ओळींचा अर्थ आहे.

या ओळी ज्या बोलीत आहेत तिला भाषेचे अभ्यासक मध्य कुर्दी म्हणतात आणि रोजच्या व्यवहारात तिचे नाव सोरानी असे रुळले आहे. ही बोली काय आहे, कोण बोलते, ती लिहिली कशी जाऊ लागली आणि तिच्या व्याकरणात असे काय आहे की जे मराठी माणसाला इतर अनेकांपेक्षा लवकर उमगावे, हे येथे सोपे करून सांगण्याचा प्रयत्न आहे.

कुर्दांची एकूण संख्या बहुतेक अंदाजांनुसार तीन ते साडेचार कोटींच्या दरम्यान आहे आणि त्यांची भूमी तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेली आहे. कुर्दी ही एकजिनसी भाषा नाही. एकमेकींच्या शेजारी वाढलेल्या बोलींचा तो समूह आहे. उत्तरेकडची कुर्मांजी सर्वांत मोठी. तुर्कस्तान आणि सीरियातील बहुतेक कुर्द आणि इराकच्या दहोक भागातील लोक ती बोलतात. तिच्या दक्षिणेला सोरानीचा पट्टा लागतो. इराकमधील सुलेमानी, हवलेर (नकाशात जे एर्बिल किंवा अर्बिल म्हणून दिसते ते), किर्कुक आणि हलबजा, आणि सीमेपलीकडे इराणमधील महाबाद, बोकान, सक्कझ, बाने, मरिवान आणि सनंदज ही तिची मुख्य गावे-शहरे. आणखी दक्षिणेला, करमानशाहच्या बाजूला, दक्षिण कुर्दी बोलींचा प्रदेश सुरू होतो. यांच्याशिवाय हवरामी किंवा गोरानी आणि तुर्कस्तानातील झाझाकी या भाषा आहेत. त्या बोलणारे बहुसंख्य लोक स्वतःला कुर्दच मानतात, पण भाषाशास्त्राच्या कसोटीवर त्या कुर्दीच्या बोली ठरतात की शेजारच्या स्वतंत्र भाषा, यावर अभ्यासकांत जुना मतभेद आहे.

‘सोरानी’ हे नाव रवांदूझ येथे राजधानी असलेल्या सोरान नावाच्या कुर्दी संस्थानावरून आले आहे. हे संस्थान 1830 च्या दशकात उस्मानी सैन्याने संपवले. संपूर्ण बोलीसमूहाला हे नाव लावण्याची पद्धत मात्र बरीच नंतरची, विसाव्या शतकातली आहे. सुलेमानीतल्या एखाद्या आजीला तिची भाषा विचारली तर ती ‘कुर्दी’ एवढेच उत्तर देईल, आणि हे लक्षात ठेवणे गरजेचे आहे. बोलींची नावे बहुधा बाहेरून पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. बोलणाऱ्याला ती लागत नाहीत.

कुर्दीविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे: ती फारसीचीच एक गावरान बोली आहे किंवा अरबी-फारसीची सरमिसळ आहे, असा. तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का, हे मराठीच्या आधाराने दाखवता येते. संस्कृत, प्राकृत, मराठी एका बाजूला आणि अवेस्ताची भाषा, फारसी, कुर्दी दुसऱ्या बाजूला, अशा या एकाच जुन्या इंडो-इराणी घराण्याच्या दोन शाखा आहेत. मात्र इराणी शाखेच्या आतही फाटे आहेत, आणि काही नियमित ध्वनिबदलांत कुर्दी फारसीपासून वेगळी निघते. संस्कृतात ‘जामातृ’ हा शब्द आहे, मराठीत त्याचा ‘जावई’ झाला. फारसीत तोच शब्द ‘दामाद’ आहे, तर सोरानीत ‘जावा’. त्यातला ज मराठी ‘जावई’तल्या ज च्या अगदी जवळचा आहे, ‘जीवन’मधल्या ज सारखा नाही. ‘जाणणे’ याला फारसीत ‘दानिस्तन’ म्हणतात, सोरानीत ‘जानीन’. म्हणजे मूळ ध्वनीचा फारसीने द केला आणि कुर्दीने ज राखला.

दुसरा बदल त्याहून मनोरंजक आहे. फारसीत ‘नाम’ हा शब्द संस्कृतसारखाच शाबूत आहे. कुर्दीत स्वरानंतरचा म मऊ होऊन त्याचा व झाला, आणि म्हणून ‘नाम’चे ‘नाव’ झाले, ‘जामा’चे ‘जावा’ झाले. मराठीनेही स्वतंत्रपणे हेच केले: नामचे नाव, ग्रामचे गाव, जामातृचा जावई. हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकींशी काहीही संपर्क नसताना, दोन भाषा एकाच उतारावरून घरंगळत एकाच जागी येऊन पोहोचल्या. कबरीवरचा ‘नावत’ हा शब्द आपल्याला आपला वाटतो याचे कारण हे आहे. आकडे पाहिले तरी घराणे लक्षात येते: दू, से, चवार, पेंज, शश, हवत, हश्त, नो, द.

आता उच्चारांकडे वळू. सोरानीत दोन ल आहेत, आणि ज्याच्या भाषेत ल आणि ळ दोन्ही नांदतात त्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांतला फरक आपल्याला जन्मजात कळतो. परक्या माणसाला तो शिकावा लागतो. सोरानीत हलक्या ल ने ‘गुल’ म्हटले तर अर्थ होतो कुष्ठरोगी, आणि जड ल ने म्हटले तर अर्थ होतो फूल. हा जड ल आपला ळ नव्हे. ळ उच्चारताना जिभेचे टोक मागे वळते; सोरानीतील जड ल उच्चारताना टोक दातांमागेच राहते आणि जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो, साधारण इंग्रजी ‘बॉल’ या शब्दाच्या शेवटी येतो तसा. र सुद्धा दोन आहेत, एक साधा आणि एक थरथरता. साध्या र ने ‘कर’ म्हणजे गाढव, थरथरत्या र ने ‘कर्र’ म्हणजे बहिरा. नवख्या माणसाने कोणाच्या वडिलांना ऐकू कमी येते का, अशी चौकशी करताना हा फरक सांभाळलेला बरा.

हे फरक लिपीत दाखवण्यासाठी सोरानीने अरबी लिपी घेतली खरी, पण तिची आतून पुनर्रचना केली. अरबी आणि फारसी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. वाचणाऱ्याने ते संदर्भावरून भरून घ्यायचे असतात. सोरानीच्या लिपीत जवळजवळ प्रत्येक स्वराला स्वतःचे अक्षर आहे आणि जड ल, थरथरता र, ए, ओ यांसाठी मूळ अक्षरावर किंवा त्याखाली छोटी खूण देऊन नवी अक्षरे केलेली आहेत. याचा परिणाम काय होतो, हे एका शब्दावरून पाहता येईल. फारसीत क-र-द ही तीन अक्षरे लिहिली की ती ‘कर्द’, म्हणजे ‘केले’, अशीही वाचता येतात आणि ‘कोर्द’, म्हणजे ‘कुर्द माणूस’, अशीही. सोरानीत ‘कुर्द’ लिहिताना उ साठी अक्षर येते, त्यामुळे घोटाळ्याला जागाच उरत नाही. फक्त एक स्वर लिहिला जात नाही: ‘किर्द’ (केले) या शब्दातला तो अगदी आखूड, अस्फुट इ, ज्याला कुर्दी व्याकरणकार ‘बिझ्रोके’ म्हणतात. देवनागरीत व्यंजनाच्या पोटातला अ जसा वेगळा लिहावा लागत नाही, तशीच काहीशी त्याची गत आहे.

आता या बोलीच्या व्याकरणातील सर्वांत अवघड मानली जाणारी गोष्ट पाहू. युरोपीय विद्यार्थी येथे अडखळतो. मराठी माणसाने अडखळायचे कारण नाही, फक्त स्वतःच्या बोलण्याकडे क्षणभर लक्ष द्यावे लागेल.

वर्तमानकाळात आपण ‘मी भाकरी खातो’ किंवा ‘मी भाकरी खाते’ असे म्हणतो. क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे चालते. भूतकाळात मात्र ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’. बोलणारी बाई असो की बुवा, क्रियापदाला त्याच्याशी कर्तव्य नाही; ते भाकरी आणि आंबा यांच्याकडे पाहते. कर्तासुद्धा बदलतो: ‘तो खातो’, पण ‘त्याने खाल्ले’. जुन्या मराठीत हा बदल ‘मी’लाही होत असे, ‘म्यां केले’, ‘म्यां पाहिले’ असे रूप येत असे. कुर्मांजी कुर्दीत आजही हेच चालते. ‘अझ नान दिख्विम’ म्हणजे मी भाकरी खातो, आणि ‘मिन नान ख्वार’ म्हणजे म्यां भाकरी खाल्ली. वर्तमानकाळातला ‘अझ’ भूतकाळात ‘मिन’ होतो, अगदी ‘मी’चा ‘म्यां’ व्हावा तसा.

सोरानीत ‘मी’साठी दोन रूपे उरली नाहीत, दोन्ही काळांत ‘मिन’च. पण जुनी व्यवस्था पुसली गेली नाही, ती दुसऱ्या जागी सरकली. वर्तमानकाळात ‘नान दखोम’, म्हणजे भाकरी खातो. शेवटचा म हा ‘मी’चा प्रत्यय क्रियापदाला लागला आहे. भूतकाळात ‘नानिम ख्वार्द’, म्हणजे मी भाकरी खाल्ली. आता म क्रियापद सोडून भाकरीला जाऊन चिकटला. ‘तू खाल्लीस’ असे म्हणायचे तर ‘नानित ख्वार्द’, ‘आम्ही खाल्ली’ असे म्हणायचे तर ‘नानमान ख्वार्द’. भाकरीचा उल्लेखच नसेल आणि नुसते ‘खाल्ले नाही’ म्हणायचे असेल, तर हा म नकाराच्या न ला धरतो: ‘नमख्वार्द’. कर्ता सोडून वाक्यात जो पहिला आधार मिळेल त्यावर हा कर्त्याचा प्रत्यय बसतो. पाहुण्या विद्यार्थ्याला तो सतत जागा बदलताना दिसतो आणि त्याची त्रेधा उडते.

मराठीत याचा एक धाकटा भाऊ आहे. ‘तू भाकरी खाल्लीस’ या वाक्यातले ‘खाल्ली’ हे रूप भाकरीमुळे आले आहे, पण त्यापुढचा ‘स’ भाकरीचा नाही, तो ‘तू’चा आहे. कर्मानुसार चालणाऱ्या क्रियापदाच्या शेपटीला आपण कर्त्याची खूण अडकवली. सोरानीने हीच खूण सर्व पुरुषांत वापरली आणि तिला हिंडण्याची मुभा दिली, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट. ‘नानिम’ हा शब्द सुटा उच्चारला तर त्याचा अर्थ ‘माझी भाकरी’ असा होतो. ‘माझे’ सांगणारा आणि ‘मी केले’ सांगणारा म एकच आहे. हे विचित्र वाटले तर आपण ‘माझं जेवून झालं’, ‘तिचं वाचून झालं’ असे दिवसातून किती वेळा म्हणतो, हे आठवावे. काम ज्याने केले तो आपल्याही बोलण्यात कामाचा मालक म्हणून येतो.

या रचनेचा जुना लेखी पुरावा कुर्दी बोलींच्या भूमीतच उभा आहे. करमानशाहजवळ बिसोतुनच्या कड्यावर राजा दारयवहुश याने, ज्याला आपण दरायस म्हणून ओळखतो, ख्रिस्तपूर्व 520 च्या सुमारास आपल्या पराक्रमाचा लेख कोरून घेतला. त्यातील प्राचीन फारसी मजकुरात ‘मना कर्तम्’ असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. संस्कृतात लिहायचे तर ‘मम कृतम्’, म्हणजे हे माझे केलेले. तो लेख कुर्दी भाषेतला नाही आणि प्राचीन फारसी ही कुर्दीची थेट पूर्वज नाही. पण शेजारच्या इराणी भाषा त्या काळापासून याच वळणाने गेल्या. पुढे आधुनिक फारसीने हे वळण सोडून दिले आणि दोन्ही काळांत क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालवायला सुरुवात केली. राजाच्या कड्याखालून गेलेल्या रस्त्यांवर गुरे हाकणाऱ्या, व्यापार करणाऱ्या लोकांच्या बोलींनी जे राखले, ते राजाच्या भाषेच्या वारसदाराने राखले नाही. कुर्दीला फारसीचे मोडके रूप म्हणणाऱ्याला एवढे एक उदाहरण पुरेसे व्हावे.

कुर्मांजी आणि सोरानी यांच्यातील अंतर कमी नाही. कुर्मांजीत नामांना लिंग आहे आणि विभक्ती आहे: ‘बावे मिन’ म्हणजे माझे वडील, ‘झिना मिन’ म्हणजे माझी बायको, आणि जोडणारा स्वर लिंगाप्रमाणे बदलतो. सोरानीत दोन्हीकडे एकच ई: ‘बावकी मिन’, ‘झिनी मिन’. उलट सोरानीत ‘ते विशिष्ट’ हे दाखवणारा ‘अक’ हा प्रत्यय आहे, जो कुर्मांजीत नाही. भरीस भर म्हणून तुर्कस्तानातील कुर्मांजी लॅटिन लिपीत लिहिली जाते. सोरानी-कुर्मांजी भाषक प्रत्यक्ष भेटले तर थोड्या सरावाने एकमेकांना समजून घेतात, पण एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येईलच असे नाही. ‘झिन, झियान, आझादी’ (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) ही कुर्मांजी भाषक चळवळीत घडलेली घोषणा सक्कझच्या सोरानी भाषक लोकांनी उचलली, तेव्हा तिचा अनुवाद करावा लागला नाही, कारण तिन्ही शब्द दोन्हीकडे तेच आहेत. नेहमी असे होत नाही.

मग एवढ्या बोलींमधून सोरानीच, आणि तीही सुलेमानीची, शाळा-कचेऱ्यांची भाषा कशी झाली? यात भाषेच्या अंगभूत गुणांपेक्षा इतिहासाच्या योगायोगांचा वाटा मोठा आहे.

सुलेमानी हे शहर तसे नवे. बाबान घराण्यातील इब्राहिम पाशाने ते 1784 मध्ये वसवले आणि ते बाबान संस्थानाची राजधानी झाले. त्या काळी या भागातील कुर्दी कविता गोरानीत लिहिली जात असे, कारण सनंदजच्या अर्दलान दरबाराने त्या भाषेला आश्रय दिला होता. याच सुलेमानी परिसरातील मौलाना खालिद हे धर्मगुरू 1810 च्या सुमारास थेट दिल्लीला येऊन शाह गुलाम अली यांचे शिष्य झाले आणि परत जाऊन त्यांनी नक्शबंदी पंथाची शाखा पश्चिम आशियात पसरवली. त्यांनी फारसी आणि अरबीत लिहिले, आणि कुर्दीत लिहिले ते गोरानीतच. पण त्यांच्यानंतरच्याच पिढीत नाली या कवीने गोरानी बाजूला ठेवली आणि आपल्या भागात जी भाषा कानावर पडत होती तिच्यात गझला लिहिल्या. सालिम आणि ‘कुर्दी’ हेच टोपणनाव घेतलेला आणखी एक कवी त्याच्याबरोबर होते. बाबानांचा दरबार नव्या शहराला साजेशी स्वतःची वाङ्मयीन भाषा शोधत होता, आणि ती या तिघांनी दिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संस्थान बुडाले, कवी पांगले, पण ती भाषा कागदावर उतरली होती ती उतरलीच.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आले. सुलेमानीतील ब्रिटिश अधिकारी ई. बी. सोन यांना कुर्दी उत्तम येत होती. त्यांनी कचेरीच्या कामात फारसी आणि तुर्कीऐवजी कुर्दी आणली, आणि 1920 मध्ये तेथील छापखान्यातून ‘पेशकवतिन’ हे साप्ताहिक निघू लागले. या शब्दाचा अर्थ प्रगती. 1925 मध्ये राष्ट्रसंघाने मोसुल प्रांत इराकला देताना कुर्दी भागात कुर्द अधिकारी असावेत आणि न्याय व शिक्षणात कुर्दी वापरली जावी, अशी अपेक्षा घातली. 1931 मध्ये इराकने स्थानिक भाषांचा कायदा केला. तौफिक वहबी यांनी लिपी सुधारण्याचे आणि व्याकरण लिहिण्याचे काम केले. 1939 मध्ये बगदाद रेडिओवरून कुर्दी ऐकू येऊ लागली. यातले काहीही सहजासहजी मिळाले नाही, आणि कायद्यात जे होते ते प्रत्यक्षात अनेकदा मिळाले नाही. तरीही शेजारच्या तुर्कस्तानात जेव्हा कुर्दी शब्द छापणे गुन्हा होता, तेव्हा सुलेमानीत शाळकरी मुलांच्या हातात कुर्दी पुस्तक होते. सोरानीची लेखी परंपरा विसाव्या शतकात एवढी पुढे गेली याचे खरे कारण हे आहे.

सीमेच्या इराणी बाजूला हीच बोली वेगळ्या नशिबाने जगली. रेझा शाहच्या काळात कुर्दी पोशाख आणि कुर्दी छपाई दोन्हींवर बंदी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 22 जानेवारी 1946 रोजी, महाबादच्या चवारचिरा चौकात काझी मुहम्मद यांनी कुर्दी प्रजासत्ताक जाहीर केले. चवारचिरा म्हणजे चार दिवे. काझींना लोक ‘पेशवा’ म्हणत, आणि आजही म्हणतात; सोरानीत तो उच्चार ‘पेशवा’ आणि ‘पेशावा’ यांच्यामधला होतो. हा फारसी मूळ असलेला, ‘पुढे चालणारा’ अशा अर्थाचा शब्द आपल्याकडे पुण्याच्या गादीशी जोडला गेला आणि तिकडे एका अल्पायुषी प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाशी. त्या अकरा महिन्यांत सोरानी पहिल्यांदा एका राज्याची भाषा झाली. वृत्तपत्र निघाले, मुले शाळेत तिच्यात शिकू लागली. डिसेंबरात इराणी सैन्य आले आणि 31 मार्च 1947 रोजी काझींना त्याच चवारचिरा चौकात फाशी देण्यात आले.

इराणच्या आजच्या राज्यघटनेचे 15 वे कलम स्थानिक भाषांचा वापर वृत्तपत्रांत आणि त्यांच्या साहित्याचे अध्यापन शाळेत, फारसीच्या जोडीने, करण्यास मुभा देते. सनंदजच्या कुर्दिस्तान विद्यापीठात 2015 पासून कुर्दी साहित्याचा पदवी अभ्यासक्रमही आहे. पण सरकारी प्राथमिक शाळेत मूल पाऊल टाकते ते फारसीत, आणि खाजगीरीत्या मुलांना कुर्दी शिकवणाऱ्यांना तुरुंगवास भोगावा लागल्याची उदाहरणे अलीकडची आहेत. म्हणजे महाबाद किंवा सक्कझमधील कित्येक माणसे आपली मातृभाषा अस्खलित बोलतात, तिच्यात भांडतात, रडतात, गातात, आणि तिची लिपी मात्र मोठेपणी, स्वतःच्या हिमतीवर, शिकतात. मला या संपूर्ण विषयातली ही सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटते.

इराकी बाजूचा पुढचा इतिहास अनेकांना बातम्यांतून ठाऊक आहे. इराक सरकार आणि कुर्द नेते यांच्यातील मार्च 1970 च्या कराराने कुर्दी भागात कुर्दीला अरबीबरोबर अधिकृत स्थान दिले, बगदादमध्ये कुर्दी अकादमी स्थापन झाली; नंतर करार मोडला, युद्ध झाले. सद्दाम हुसेनच्या सरकारने कुर्दांविरुद्ध चालवलेल्या 1988 च्या अनफाल मोहिमेत हजारो खेडी जमीनदोस्त करण्यात आली, आणि 16 मार्च 1988 रोजी सोरानी भाषक हलबजा शहरावर विषारी वायू सोडण्यात आला, त्यात सुमारे 5000 माणसे मेली. खेडे नष्ट होते तेव्हा तिथल्या बोलीची शेतीची, गुरांची, झऱ्यांची नावेही पांगतात. निर्वासितांच्या छावणीत आणि शहराच्या कडेला ती पुन्हा जशीच्या तशी उगवत नाहीत. 1991 च्या उठावानंतर कुर्दी भाग जवळजवळ स्वायत्त झाला आणि शाळेपासून विद्यापीठापर्यंत कुर्दीत शिकलेली पिढी तयार झाली. 2005 च्या इराकी राज्यघटनेच्या चौथ्या कलमाने अरबी आणि कुर्दी या दोन्ही भाषांना देशाच्या अधिकृत भाषा म्हटले.

त्या कलमात ‘कुर्दी’ एवढाच शब्द आहे. कोणती कुर्दी, ते नाही. आणि नवा वाद तेथूनच सुरू झाला. 2008 मध्ये 53 लेखक व अभ्यासकांनी कुर्दिस्तानच्या संसदेकडे मागणी केली की सोरानीला अधिकृत प्रमाण भाषा घोषित करावे. त्यांचा युक्तिवाद असा होता की एका राष्ट्राला एक लेखी भाषा हवी आणि सोरानीजवळ ती तयार आहे. दहोक भागातील बादिनी, म्हणजे तिकडची कुर्मांजी, बोलणाऱ्यांना ते मुळीच पटले नाही. कुर्दीचे पहिले वृत्तपत्र 1898 मध्ये कैरोत निघाले ते कुर्मांजीत, एकूण कुर्दांत कुर्मांजी बोलणारे अधिक, मग आपल्या मुलांनी दुसऱ्याची बोली का शिकावी, हा त्यांचा प्रश्न होता. दहोकच्या शाळांत आज बादिनी चालते. कोकणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा, या वादाची झळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना येथे काय पणाला लागलेले असते हे वेगळे सांगायला नको: व्याकरणाच्या आडून माणसे आपल्या घराचा मान राखत असतात. बाहेरच्या माणसाने याचा निवाडा करू नये, असे माझे मत आहे. जे गाव आपल्या मुलांना स्वतःच्या बोलीत शिकवू इच्छिते, त्याला ते शिकवू द्यावे.

सोरानीच्या आतही सगळे सारखे नाही. सुलेमानीत ‘मी जातो’ याला ‘अचिम’ म्हणतात. हवलेर आणि महाबादकडे ‘दचिम’. प्रमाण लेखनाचा पाया सुलेमानीचा असूनही पुस्तकात मात्र ‘द’ आला, आणि सुलेमानीचा माणूस लिहिताना एक आणि बोलताना दुसरे, असे करतो. महाबादच्या बाजूच्या मुक्रियानी बोलीत सुलेमानीने टाकून दिलेल्या विभक्तींचे अवशेष अजून सापडतात. सनंदजच्या बोलण्यावर शेजारच्या हवरामीची आणि शाळेतल्या फारसीची छाया आहे. कोणी कुठला, हे दोन वाक्यांत ओळखले जाते, जसे आपल्याकडे ‘करून राहिला’ ऐकताच माणूस वऱ्हाडातला, हे कळते.

सुलेमानीला युनेस्कोने 2019 मध्ये साहित्यनगरी म्हणून मान्यता दिली. मे 2022 मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत ज्या 24 भाषांची भर पडली त्यांत सोरानी होती. त्याच यादीत कोकणीही होती. पण संगणकावरची वाट त्याआधी बरीच खडतर होती. युनिकोड रुळण्यापूर्वी सोरानी मजकूर ‘अली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फॉन्टमध्ये टंकला जात असे, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याची निरर्थक अक्षरे दिसत. जुनी श्रीलिपी फाइल उघडताना मराठी माणसाने हे अनुभवले आहे. आजही ज्यांच्या फोनवर फक्त फारसी किंवा अरबी कळफलक आहे ते जड ल वरची ती छोटी खूण गाळून मोकळे होतात. मग आईने मुलीला पाठवलेल्या संदेशात ‘गुल’ हा शब्द आला, तर ते फूल आहे हे मुलीला लिपीवरून कळत नाही. ते तिला आईचा आवाज ठाऊक असल्यामुळे कळते.